गोऱ्या भुजलीच्या गावाहून

नागपूर, ३० ऑगस्ट १९८३

नाव घेतलं तूनं माझं! भर बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहून, सगळ्या सानगडीले ऐकू जाईल असं ‘कुंते’ म्हणाली. कुंते! माझी सासू एवढी कडक बाई, तिनं बी रागात मले ‘ईश्वरची माय’च म्हटलं. अन् तू, माझी भुजली, तूनं नाव घेतलं. वांगेवाल्या मनकर्णाबाईचा तराजू हातात तसाच राहिला. मी वांगी तिथंच टाकली अन् घरी आली. त्या दिवशी आमच्या घरच्यायनं नुसत्या वरणासोबत भात गिळला.

तुले बोलाचं होतं तर घरी येऊन बोलली असती. माझी बुचडी ओढली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पण नाव? आपण दोघी सानगडीत नव्या सुना होतो तेव्हा राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीतले गव्हाचे अंकुर घेऊन तलावावर गेलो, पाण्यात धुतले, तूनं माझ्या कानावर खोवले, मी तुझ्या. त्या दिवसापासून तू माझी भुजली अन् मी तुझी. एकमेकीचं नाव तोंडातून काढाचं नाही, मरेपर्यंत. आमच्या नात्यात तुझ्या नावाची एक पोरगी आहे, तिले मी जन्मभर ‘ए पोरी’ म्हणत आली. आता तिलेच पोरं झाली तरी ‘ए पोरी’. हे पत्र बी भय्याजीच्या नावानं टाकून राहिली, कारण पाकिटावर तुझं नाव लिहिणं म्हणजे घेतल्यासारखंच. भय्याजी, तुमची बायको माझ्यावर रागात आहे, तिले घरात बसून वाचून दाखवा. दुकानात गिऱ्हाइकायसमोर नका वाचू.

अन् कायच्यासाठी घेतलं नाव? तर गोरीनं मले बलावलं अन् तुले नाही बलावलं म्हणून. (गोरीच लिहिते. ती बी माझी भुजली झाली, तिचं बी नाव मले चालत नाही.) चौऱ्याहत्तर साली ती आपल्याकडे तलाव पाहाले आली. कोणी खोदले, काठाची मातीची पार कोण बांधते, पाणी कसं वाटतात, सारं विचारत सायकलवर फिरायची. लोक म्हणत, हिच्या फ्रान्सात पाणी नाही का? राहाले तुझ्या घरी, समोरच्या खोलीत. खाट तुझी, भात तुझा, ताप आला तर काढा तुझा. मी कुठं नाही म्हणते? पण राखीले तू आंबागडले माहेरी गेली होती. ती माझ्यासंग तलावावर आली, बाया एकमेकीच्या कानावर अंकुर खोवून राहिल्या ते पाहिलं, अन् तिनं बी उचलले अन् माझ्या कानावर खोवले. मी काय तिचा हात झटकणार होती?

आता तिनं तिकीट पाठवलं, मी चालली. पण तू बाजारात जे म्हणाली ते कानातून जाऊन नाही राहिलं. ‘खोली माझी, खाट माझी, अन् बलावणं कुंतेले!’ मले काय माहीत गोरीच्या मनात काय आहे? मी तिच्या तोंडावर विचारीन, की बाई, जिच्या घरी वर्षभर जेवली तिले काहून विसरली? जे उत्तर येईल ते तुले लिहीन. गोड असो का कडू असो, विचारल्याबिगर मी परत येत नाही.

उद्या मुंबईची गाडी, मग विमान. ईश्वर मुंबईपर्यंत संग आहे. आमचे घरधनी निघताना म्हणाले, ‘खिडकीपाशी बस. पडलं तर आधी तुले दिसंल.’ पोळ्याच्या तोंडावर घरची बाई परदेशी चालली म्हणून गावानं तोंड वाकडं केलं. कायले? धानाचा रोवणा झाला. निंदण रंभाबाईले सांगून आली. बैलायच्या झुली काढून ठेवल्या. आता मी घरी बसून बैलायच्या तोंडाकडे पाहू का?

भुजली, पोरीपणी आंब्याच्या झुल्यावर उभं राहून झोका घेतला तसं वाटून राहिलं. चालता चालता हसू येते. हसू आलं की पहिले तुले सांगाव वाटते, अन् मग आठवते की तू बोलत नाही, अन् मग पुन्हा राग येते.

तुझी भुजली, तू मान का नको मान.


गोरीच्या घरून, ५ सप्टेंबर १९८३

पोचली. धड पोचली, हे पहिले आमच्या घरी सांगा.

विमान उडालं तेव्हा मी समोरच्या खुर्चीले अशी पकडली की त्या खुर्चीतला माणूस मागं वळून पाहाले लागला. मी म्हटलं, काय पाहतो, तुले बी भ्या लागून राहिलं ते मले दिसते. पण मग खाली पाहिलं. ढग खाली, व! आपण जन्मभर ढग मान वर करून पाहिले, येते का नाही येते म्हणून. इथं ते पायाखाली, पिंजलेल्या कापसाचं वावर जसं. मी त्या समोरच्या माणसाले खांद्यावर थापड मारून दाखवलं. मग तो बी हसला.

आता खरी गोठ ऐक. पॅरिसले उतरली. काचेच्या खोपटात एक टोपीवाला साहेब. माझं पुस्तक पाहिलं अन् काही विचारलं. मी म्हटलं, सानगडी. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तालुका साकोली. त्यानं मान हालवली अन् एका झाडूवाल्या बाईले बलावलं. आपल्यासारखीच सावळी, पाँडिचेरीची होती म्हणे, हिंदी मोडकीतोडकी येत होती.

‘साब पूछता, किसके घर जाता?’

‘मेरी भुजली के घर.’

‘वो कौन? बहन?’

‘बहन से बढ़के.’

‘नाम बोलो.’

‘नाम नहीं लेते.’

ती माझ्याकडे पाहाले लागली. ‘अरे, नाम बोलो ना, साब लिखेगा.’

‘साब को बोलो, खुद पूछ ले उसको. मैं नहीं लेती.’

गोरीच्या पत्त्याचा कागद होता ना, तो मी लय जपून ठेवला होता. लोखंडी पेटीत, चिन्नोरच्या तांदळाखाली. अन् पेटी गेली होती भलतीकडेच. साहेबानं तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. ते मले माहीतच नाही, लग्न तिनं आपल्याकडून परत आल्यावर केलं. साहेबाले वाटलं बाई काही लपवून राहिली. नेलं मले एका खोलीत, बसवलं बाकावर. दुसरा साहेब आला, पहिल्यापेक्षा जाडा. पाँडिचेरीवाली हात जोडून म्हणे, अम्मा, एक नाम, बस एक नाम, और तुम बाहर.

जिभेच्या शेंड्यावर होतं, भुजली. एवढंसं नाव. खोलीत ओळखीचं कोणी नाही, गावात कोणाले कळणार नाही, तुले बी कळणार नाही. मी पदर तोंडाले लावून बसून राहिली. मनात म्हटलं, बापा, परत विमानात बसवतात का काय हे मले!

अन् तिकडं बाहेर काय चाललं होतं ते ऐक. बाहेर गोरी चौकशीच्या खिडकीवर उभी. विचारून राहिली, हिंदुस्थानातून माझी एक बाई आली का? खिडकीतली पोरगी म्हणे, नाव सांगा. गोरी म्हणे, सांगत नाही. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, नऊ वर्षांनी! तिचा नवरा बाजूले कपाळावर हात मारून उभा. इकडचा साहेब मले नाव विचारते, तिकडची पोरगी तिले नाव विचारते, मधात एक भिंत, अन् भिंतीच्या दोन्हीकडं आम्ही दोघी तोंड शिवून. शेवटी नवऱ्यानं खिशातून कागद काढला अन् माझं नाव वाचलं. असं मोडून वाचलं म्हणे की मी तिथं असती तर मले बी कळलं नसतं की हे माझं आहे.

दार उघडलं अन् मले दिसली. केस पांढरे, अंग भरलेलं, पण चाल तीच, बदकासारखी. ‘भुजली!’ म्हणून अशी ओरडली की साऱ्या स्टेशनानं पाहिलं. जाड्या साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. पाँडिचेरीवाली डोळे पुसाले लागली. कायले, ते तिलेच माहीत.

हा मी तुले टोमणा मारून राहिली. टोमणाच आहे. समजून घे.

तिथून आगगाडी, मग तिच्या नवऱ्याची खडखड करणारी मोटार. अंधाराच्या आत घरी पोचलो. घराचं पुढल्या पत्रात लिहीन म्हणते, पण लिहिल्याबिगर हात थांबत नाही. दगडाचं आहे, व! भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून बसू शकते. बसूनच लिहून राहिली. घर अन् गोठा एकाच छताखाली, एका दारातून माणसं, दुसऱ्यातून गाई. चूल भिंतीत आहे अन् तिच्यात उभं राहून हात पसरता येते. समोर तलाव. त्याच्या मागं तलाव. टेकडीवर चढलं की तलावच तलाव, पार बांधलेले, पारेवर झाडं, पाणी सोडाले खाली तुडूम. आता मले कळलं ती आपल्याकडे कायले आली होती. बाई स्वतःच्या गावासारखं गाव शोधत आली होती.

विचारलं का म्हणते? नाही विचारलं अजून. आत्ताच तर आली.


१२ सप्टेंबर १९८३

इथं मी गावात फेमस होऊन गेली. तुले सांगते कशी.

तिसऱ्या सकाळी तलावावर न्हाले गेली. लुगड्यासकट उतरली, आपण उतरतो तशी, अन् मारली डुबकी. वर येते तर पलीकडच्या पारेवरून एक म्हातारा बोंबलून राहिला. त्याले वाटलं बाई बुडाली. कोट फेकला, जोडे तसेच, अन् धप्पकन पाण्यात! माझ्याकडे हात मारत येऊन राहिला. मी म्हटलं, बाजूले हो मेल्या, मी न्हाऊन राहिली! त्याले काय समजते? त्यानं माझा दंड धरला, मी त्याले ढकललं, तो बुडाले लागला, मग मीच त्याले ओढत काठावर आणलं. गोरी धावत आली तेव्हा तो गवतावर बसून खोकून राहिला अन् मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारून राहिली. आता रोज सकाळी फाटकासमोरून जाताना टोपी काढते मेला. अन् त्याच्या घरून बकरीच्या दुधाचं लोण्यासारखं घट्ट काहीतरी आलं, देवळाचं शिखर वरून कापलं तसा त्याचा आकार. वास उग्र. पण भातासंग लावून खाल्लं तर वाईट नाही लागत.

माझ्या खाण्याचं म्हणशील तर गोरीनं नवी भांडी घेऊन वेगळी ठेवली. मासाचं भांडं माझ्या चुलीकडे येऊ देत नाही, नवऱ्याले बी ओरडते. हे सारं ती तुझ्या घरी शिकली, मले माहीत आहे. बोलते बी तुझ्यासारखीच. ‘काहून व, जेवाचं नाही का?’ म्हणते तेव्हा मागं वळून पाहाव लागते तू तर नाही आली. तिचा नवरा एकच शब्द शिकला, ‘पुरे’. तो बी ताट रिकामं असताना म्हणते, अन् मग उपाशी बसते.

आज एक पाहिलं. वीस दिवसांत हे लोक तलावाचं पाणी सोडून मासोळी धरणार आहेत. साऱ्या गावाची माणसं लागतात, मग सारे मिळून जेवतात. तर तिचा नवरा सकाळपासून घरोघर गेला. मोटार असून पायी. प्रत्येक घरी उंबरठ्यावर उभा राहते, टोपी काढते, सांगते, मग आत बसून एक एक पेला पिते. मी त्याच्यासंग गेली. शेवटच्या घरापर्यंत त्याची चाल अशी झाली की मीच त्याले हाताले धरून आणलं. मी गोरीले म्हटलं, एक चिठ्ठी छापून वाटली असती तर माणूस शुद्धीत राहिला असता. ती म्हणे, ‘नाही व, पहिले चिठ्ठीच टाकत होता. मीच बंद करवलं.’

कायले बंद करवलं ते विचारणार होती, तेवढ्यात दूध उतू गेलं.

अन् ते दुसरं, तुझं. नाही विचारलं. खरं सांगू का? जीभ उचलत नाही. मी, जी सरपंचाले भर सभेत विचारते की रस्त्याचा मुरूम कुठं गेला, मले भ्या लागते. ती म्हणाली की ‘तुझी भुजली मले आवडत नव्हती’ तर मी काय करू? तिच्या घरी जेवू कसं? अन् तुले लिहू कसं?


१३ सप्टेंबर

काल पत्र टाकलं न टाकलं अन् आठवलं, आमच्या म्हशीचे दिवस भरले आहेत. घरधन्याले काही समजत नाही त्यातलं. तुले नाही सांगत. भय्याजीले सांगते, की कोणाले तरी नजर ठेवाले सांगा.


१ ऑक्टोबर १९८३

ईश्वरचं पत्र काल आलं. वाचून मी तीनदा उठली अन् तीनदा बसली.

भय्याजी, तुमच्यात काही लाज आहे का? माझी पत्रं तुम्ही दुकानातच वाचून राहिले! बाकडं टाकलं म्हणे बाहेर. चिंधू न्हावी वस्तरा तसाच ठेवून येते म्हणे ऐकाले, अर्धी दाढी झालेला माणूस मागंमागं. म्हाताऱ्याले मी पाण्यातून ओढलं ते गावानं दोनदा वाचाले लावलं! बरं, आता वाचलंच आहे तर हे बी मोठ्यानं वाचा, की भय्याजीची साखर ओली असते.

अन् ईश्वर लिहिते की तू दुकानाच्या मागच्या दाराच्या पडद्याआड उभी राहून ऐकते. पडदा हालते म्हणे. अन् म्हैस व्याली तेव्हा तू मागच्या अंगणातून आली, कोणाशी बोलली नाही, वगार बाहेर येईस्तोवर बसली, तिले पुसली, अन् तशीच उठून गेली. चहा केला होता तो बी नाही घेतला.

हे वाचलं अन् मी म्हटलं, बस. आता आज विचाराचंच.

आज तलाव सोडला. पहाटेपासून पाणी तुडुमातून धडधड चाललं होतं. दुपारपर्यंत मधात एक डबकं उरलं अन् त्यात मासोळी अशी उसळून राहिली जशी कढईतली लाही. सारं गाव पारेवर. बाप्ये लांब रबराचे जोडे घालून चिखलात. मी म्हटलं, मले बी जायचं. गोरी म्हणे, ‘पाय फसंल.’ मी म्हटलं, रोवण्यात जन्म गेला माझा, चिखलाचं मले काय सांगते? लुगड्याचा काचा मारला अन् उतरली. गोरी बी उतरली. जाळ्याचं एक टोक तिच्या हाती, एक माझ्या. ओढ म्हटलं की ओढाचं. तो म्हातारा पारेवरून माझ्या नावानं काही ओरडत होता, सारे हसत होते. एक मासा एवढा मोठा, आपल्या ईश्वरच्या मांडीएवढा, त्यानं शेपूट मारली अन् मी चिखलात बसली. नाकातोंडात चिखल. भुजली, किती वर्षांनी एवढी हसली! पोट धरून हसली. अन् हसता हसता, चिखलात बसूनच, विचारलं.

‘तुझ्या नवऱ्यानं साऱ्या गावाले घरोघर जाऊन बलावलं. अन् माझ्या भुजलीले, जिची खाट तूनं वर्षभर झिजवली, तिले एक ओळ नाही लिहिली? काहून?’

जाळं सुटलं तिच्या हातातून. नवरा तिकडून ओरडाले लागला. तिनं पाहिलं बी नाही.

‘तिले चिठ्ठी?’ म्हणे. ‘मी? चुलीत नसती टाकली तिनं?’

मले काही समजलं नाही. मग तिनं सांगितलं, गुडघाभर चिखलात उभी राहून, अन् मी बसूनच ऐकलं. ती तुझ्या घरी होती त्या वर्षी पलीकडच्या गावच्या पाटलाकडून लग्नाची छापील पत्रिका आली. गडी आला, दारात टाकली, गेला. सोनेरी अक्षरं, गणपती, सारं. गोरी म्हणे मी हातात घेऊन पाहून राहिली होती किती सुंदर आहे, अन् तुझ्या भुजलीनं माझ्या हातातून घेतली अन् चुलीत घातली. वर भाकर टाकली. म्हणाली, ‘कागद मले बलावाले कोण? ज्याले मी पाहिजे, त्यानं स्वतः यावं, उंबरठ्यावर अक्षद ठेवावी. नाहीतर मी जात नसते.’ अन् गेली नाही तू. भय्याजी एकटेच जेवून आले.

हे तुले आठवते का? मले तर माहीतच नव्हतं. पण ती बाई ते घेऊन सात समुद्र पार आली. इथं येऊन नवऱ्याच्या चिठ्ठ्या बंद केल्या, त्याले घरोघर धाडलं. अन् तुझं तिनं तेव्हाच ठरवलं होतं, की हिले बलावाचं तर आपण जाऊन बलावाचं. जायचं जायचं म्हणते, तर मधात तिची माय खाटेवर पडली, पाच-सहा वर्षं तिचंच केलं. माय आता या चैतात गेली. म्हणून यंदा जमलं.

मी म्हटलं, ‘अन् मले बरं चिठ्ठीनं बलावलं!’

तर म्हणते, ‘तुझं काय व! तुले लांबून बोट दाखवलं तरी तू पिशवी भरते.’

ऐकलं? म्हणजे तू मोठी, तुझ्यासाठी ती स्वतः येणार, हातात अक्षद घेऊन. अन् मी बोटावर येणारी! चिखलातून उठली नाही मी किती वेळ. हसू बी येऊन राहिलं अन् असा राग आला की विचारू नको. बाजारात रुसाचा हक्क माझा होता, भुजली, अन् रुसली तू.

संध्याकाळी अंगणात लांब फळ्या मांडून साऱ्या गावाचं जेवण झालं. मासोळी तळली. माझा भात बी मांडला, लोकायनं चमच्यानं खाल्ला. अन् गोरीनं सगळ्यायसमोर उठून सांगितलं की मी दिवाळीच्या आधी हिच्यासंग हिच्या गावी चालली, एका बाईले बलावणं द्याले. इथल्या लोकायले काय, ते टाळ्या वाजवाले लागले. म्हातारा सगळ्यात जास्त.

तर आता असं आहे. ती माझ्यासंग येऊन राहिली. तुझ्या उंबरठ्यावर अक्षद ठेवणार अन् तुले इथं घेऊन येणार, आंब्याले मोहोर धरते त्या दिवसांत. इथं तेव्हा साऱ्या पारेवर पिवळी फुलं राहतात म्हणे. माझी हळद घेऊन तिनं मुठभर तांदूळ रंगवून पाहिले. हळद जास्त झाली, हात अजून पिवळे आहेत. पुन्हा रंगवणार म्हणते, नीट व्हाले पाहिजे.

अन् अडचण ही. अक्षद घेऊन येणारी एकटी येत नाही, संग घरची बाई लागते, हे तुले मी काय सांगू. गोरीची घरची बाई तिथं कोण? मीच. तिले माहीत नाही की तू माझ्याशी बोलत नाही. मी सांगितलं नाही, अन् सांगणार बी नाही. तिले वाटते तुझ्या दारात आपण तिघी एकमेकीच्या गळ्यात पडू. रोज विचारते, समोरच्या खोलीची खिडकी निळीच आहे ना, कुत्रा तोच आहे का, सपरीत बसाचं का आत जायचं. मी म्हणते हो, हो, सारं तसंच आहे. मले माहीत आहे का व कसं आहे? तुझ्या घरात मी पाय ठेवला नाही आषाढापासून.

मी संग असताना तूनं दार लावलं तर ते माझ्या तोंडावर नाही लागत, तिच्या लागते. सात समुद्र पार करून आलेल्या अक्षदेवर लागते. माझं काय, मले सवय आहे. पण ती तिथंच उभी राहील हात पुढे करून, अन् तिले कळणार बी नाही काय झालं.

म्हणून आत्ताच सांग. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती शहरात जाऊन तिचं तिकीट माझ्यासंग पक्कं करते. त्याच्या आत, शनिवारपर्यंत, तुझी तार इथं पोचली पाहिजे. भय्याजीले दुकान बंद करून साकोलीले धाड, एक दिवस साखर नाही विकली तर गाव मरत नाही. ‘दोघी या’ असं लिहाव, म्हणजे मी तिच्या बाजूले उभी राहीन. नाहीतर ‘एकटी धाड’ असं लिहाव, म्हणजे मी तिले तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणीन, निळी खिडकी दाखवीन अन् तिथूनच फिरीन. तिले म्हणीन डोकं दुखून राहिलं. दोन्हीपैकी एक लिही. ‘पाहू’ लिहू नको, तुझ्या ‘पाहू’त अख्खा हंगाम निघून जाते. अन् भय्याजीले ठरवू देऊ नको, पडद्याआडून बी बोलू नको, बाहेर ये अन् तुझ्या तोंडानं त्याले सांग काय लिहाचं ते. शनिवार. शनिवारी दिवसभर मी फाटकावर बसून राहीन.